डावीकडे दोन बोटं

ट्रकवाले त्याला खालचा म्हणत आणि त्याच्या मोठ्या बहिणीला वरची. नावं कामावरून पडली होती. हमरस्त्याला लागून असलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये दोघं ट्रकची पुढची चाकं काढून त्यांच्या जागी रुंद चाकं बसवत. पुढे जास्त वजन पेलावं, भुसभुशीत जमिनीत चाक रुतू नये, म्हणून खडीवाले आणि सिमेंटवाले यायचे.

चाक बसवण्यात फारसं काही नाही. जॅक लावायचा, जुनं उतरवायचं, नवं चढवायचं, समोरासमोरचे नट आवळत जायचं. खरं काम नंतरचं. रुंद टायर सरळ रस्त्यावर अगदी सज्जन असतो. स्टिअरिंग शेवटापर्यंत वळलं की तो आत सरकतो आणि ब्रेकचा रबरी पाइप घासू लागतो. तसं होऊ नये म्हणून चाकाला आधीच अडवणारा बोटभर बोल्ट असतो, स्टॉपर. तो आटे फिरवून जरा बाहेर काढायचा, म्हणजे चाक कमी वळतं, आणि मग तपासायचं. एक जण वर केबिनमध्ये, एक जण खाली टॉर्च घेऊन पाठीवर. खालचा म्हणतो, "उजवीकडे." वरचा स्टिअरिंग पूर्ण फिरवून म्हणतो, "आली." खालचा टायर आणि पाइप यांच्यामध्ये दोन बोटं घालून बघतो. मग डावीकडे, तसंच. केबिनच्या पत्र्यातून खाली येताना सगळ्यांचे आवाज सारखेच होतात, डब्यात बोलल्यासारखे.

नऊ वर्षांपूर्वी वर बहिणीचा नवरा बसला होता. ट्रक त्याचाच होता.

"आटप रे," दाजी वरून म्हणाले होते. "तुझ्या दोन बोटांपायी माझा दिवस चाललाय."

"दाजी, डोकं वर ठेवा आणि हात फिरवा. उजवीकडे."

"आली."

बोटं गेली. "डावीकडे," तो म्हणाला आणि त्याच क्षणी गंजाचा एक कपचा त्याच्या डोळ्यात पडला. "आली," वरून आवाज आला. तो डोळा चोळत बाहेर सरकला. उजवीकडे गेली म्हणजे डावीकडेही जाणार, असं त्याला वाटलं. "ठीक आहे," तो म्हणाला.

चार दिवसांनी उतारावरच्या एका वळणावर ट्रकचे ब्रेक लागले नाहीत आणि दाजी गेले. चालकाला डुलकी लागली असावी, असं कागदावर लिहिलं गेलं. बहिणीने तो कागद घडी करून कपाटात ठेवला. डावीकडचं त्याने तिला सांगितलं नाही. महिन्याभराने ती शेडमध्ये आली, केबिनमध्ये चढली आणि तेव्हापासून वरची झाली.

तेव्हापासूनच चाकंही वळू लागली. पुढचा भाग जॅकवर चढला, चाकं अधांतरी झाली, की ती आपोआप डावीकडे जात. घाई न करता, झोपेत कुणी कूस बदलावी तशी. शेवटाला पोचली की टक् असा आवाज यायचा. जमीन उतरती असेल म्हणून त्याने पाणी ओतून पाहिलं. पाणी जागच्या जागी पसरलं. ट्रक उलट तोंडाने उभा करून पाहिला. चाकं डावीकडेच गेली. मग त्याने बघणं सोडून दिलं.

बहीण सीटवर कधी पूर्ण बसत नसे. कडेला टेकायची, शेजारी कुणी बसलं असावं तशी.

"ऐसपैस बस की," तो म्हणायचा.

"असू दे. बरं आहे हे."

नऊ वर्षांनी, एका दुपारी सिमेंटचा एक ट्रक आला. चालक किल्ली देऊन जेवायला निघाला. जाताना म्हणाला, "ताई, गाडी पळवून नेऊ नका हं."

"कोण नेतंय? हॉर्नलासुद्धा सर्दी झालीय तुझ्या."

चाकं बसली. बहीण वर चढली, तो खाली सरकला.

"उजवीकडे."

"आली."

दोन बोटं सहज गेली.

"डावीकडे."

चाक वळलं. टक्. "आली."

बोट जाईना. टायर पाइपला चिकटला होता. स्टॉपर तर त्याने स्वतःच बाहेर काढला होता. पाना घ्यायला तो बाहेर सरकला आणि थबकला. बहीण पिंपापाशी हात धुवत उभी होती. केबिनचं दार उघडं होतं. आत कुणी नव्हतं.

"तू कधी उतरलीस?"

"उजवीकडचं झालं तेव्हाच. स्टिअरिंगला ग्रीस लागलंय बघ."

"मग आत्ता आली कोण म्हणालं?"

तिने हात धुणं थांबवलं. "मी उजवीकडचंच म्हणते," ती म्हणाली. "डावीकडचं मी कधीच म्हटलं नाही. मला वाटलं, तुला माहीत आहे."

शेडचा पत्रा उन्हाने तडतडत होता. त्याच्या हातातला टॉर्च अजून चालूच होता.

"ताई, मी त्या दिवशी डावीकडे बघितलं नव्हतं."

"ठाऊक आहे."

"कुणी सांगितलं?"

"त्यांनीच. घरी येऊन हसत होते. तुझा भाऊ डोळा चोळत बाहेर आला, बोटं काही घातली नाहीत म्हणे. म्हणाले, परत आलो की बघून घेऊ." तिने ओले हात पदराला पुसले, पुसून झाल्यावरही पुसत राहिली. "मी बरं म्हटलं. नुसतं बरं."

"लागतोय का टायर?" तिने विचारलं.

"लागतोय."

"मग काढ स्टॉपर अजून बाहेर. तो ड्रायव्हर येईल जेवून."

त्याने स्टॉपर दोन आटे आणखी बाहेर काढला. बहीण वर चढली, सीटच्या कडेला टेकली. तो खाली गेला, दोन्ही डोळे उघडे ठेवून.

"डावीकडे."

चाक वळलं. टक्. वरून कुणी काहीच म्हणालं नाही. तो वाट बघत राहिला.

मग बहिणीचा आवाज आला, अगदी हळू. "विचारतायत, गेली का बोटं?"

त्याने बोटं घातली. आतला रबर गार होता.

"गेली," तो म्हणाला. "दोन्ही गेली."

केबिनचं पलीकडचं दार उघडलं. सीट करकरली आणि ट्रक किंचित वर उचलला गेला, कुणी उतरल्यावर उचलला जातो तेवढाच. खालून त्याला त्या दाराखालची जमीन स्वच्छ दिसत होती. तिथे पाय दिसायला हवे होते.