टकटक लटकतो तेव्हा

गणिताच्या बाई हार्डवेअरच्या दुकानात तणतणतच शिरल्या. हातात स्टीलचा एक लांब दांडा होता, त्याच्या टोकाला अजून स्क्रू लोंबत होते आणि स्क्रूला विटेचा लाल भुगा चिकटलेला होता.

"याच्यापेक्षा मोठे स्क्रू द्या," त्या म्हणाल्या. "असतील ते सगळ्यात मोठे."

दुकानदार त्यांचाच जुना विद्यार्थी, भागाकारात जन्मभर गटांगळ्या खाल्लेला. पण लोखंडातलं त्याला चांगलं कळायचं. त्याने दांडा उलटासुलटा करून पाहिला आणि मान हलवली. "स्क्रूचं काही चुकलं नाही, बाई. भोकाचं चुकलंय. उद्या टकटकला पाठवतो."

"हा कोण बुवा टकटक?"

"आला की कळेलच. फक्त तो भिंतीशी बोलत असताना मधे बोलू नका."

छत्तीस वर्षं बाईंनीच दुसऱ्यांना 'मधे बोलू नका' म्हणून सुनावलं होतं. त्यांना हे काही फारसं आवडलं नाही. पण गरज त्यांची होती.

गरज कसली, ते सांगायला हवं. बाईंचे यजमान म्हणजे आप्पा. धान्याच्या गोदामात चाळीस वर्षं काढलेला धिप्पाड माणूस. हमाल कमी पडले की स्वतः पोतं पाठीवर घ्यायचे. अकरा महिन्यांपूर्वी झटका आला आणि उजवी बाजू लुळी पडली. बोलणंही तुटक झालं, दिवसाला चार शब्द मिळाले तर नशीब. पलंगापासून बाथरूमपर्यंत पंधरा पावलांची अरुंद बोळवजा जागा होती. ती पंधरा पावलं आप्पा बाईंच्या खांद्यावर भार टाकून जायचे. ब्याण्णव किलो वजन आणि सहासष्ट वर्षांचा खांदा! मग दोन महिन्यांपूर्वी बाईंच्या भाच्याने उत्साहाने भिंतीला दांडा बसवून दिला. तिसऱ्या दिवशी तो आप्पांच्या हातात उपटून आला, आणि आप्पा कोसळले ते नेमके बाईंच्या अंगावर. बाईंचा खांदा महिनाभर काळानिळा होता.

त्या दिवसापासून आप्पांनी उभं राहणंच सोडलं. पलंगावर सारखं भांडं घ्यावं लागू नये म्हणून पाणीसुद्धा कमी प्यायला लागले. डॉक्टर परवा स्पष्ट बोलून गेले होते, "हा महिना असाच पलंगावर गेला तर पाय चालणं विसरतील. मग माझ्याही हातात काही राहणार नाही." माणसाला भीती बसली की माणूस रुसून बसला, हेही कळायला मार्ग नव्हता. विचारलं की आप्पा तोंड फिरवून खिडकीकडे बघायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी टकटक आला. बाईंनी मनातल्या मनात कपाळावर हात मारला. साठीचा, वाळक्या शेंगेसारखा माणूस, फुंकर मारली तर उडेल असा. डाव्या हाताचा अंगठा बत्त्याने ठेचल्यासारखा चपटा. खांद्यावरच्या पिशवीत दोन ड्रिल मशिनं आणि जुन्या गोळ्यांच्या डब्यात ओळीने झोपवलेली, भोकं पाडायची बिटं, एकेकाला फडक्याचा तुकडा गुंडाळलेला.

त्याने चहाही नको म्हटला. पहिल्यांदा पलंगावरच्या आप्पांकडे गेला, त्यांना वाकून नमस्कार केला आणि विचारलं, "कुठला हात चालतो, आप्पा?"

आप्पांनी डावा हात थोडा उचलला.

टकटक बोळात आला. भाच्याच्या दांड्याची भोकं होती ती भिंत जाताना डाव्या हाताला लागायची. त्याने तिच्याकडे पाहिलं, वळून समोरच्या भिंतीकडे पाहिलं, आणि म्हणाला, "बाई, हे जातील डाव्या हाताने. येताना डाव्या हाताने काय धरणार?"

बाई चपापल्या. अहो, येताना डावा हात समोरच्या भिंतीला! एक दांडा म्हणजे अर्धाच रस्ता. हजारो पोरांना भूमिती शिकवली, आणि घरातली पंधरा पावलांची भूमिती डोक्यात आली नाही. भाचाही आला, मोजमाप करून गेला, शेजारीपाजारी बघून गेले, एकालाही हे सुचलं नव्हतं. या वाळक्या माणसाला दारात पाय ठेवल्या ठेवल्या दिसलं.

"भाचा आधी समोरच्याच भिंतीला लावत होता, पण तिच्यात भोकच पडेना," त्या पुटपुटल्या. "दगडाची आहे म्हणे."

"नाचता येईना, अंगण वाकडं," टकटक म्हणाला. "त्याचं बिट आहे का घरात?"

होतं. टकटकने ते बाईंच्या टेबलाच्या काचेवर ठेवून बोटाने ढकललं. बिट लंगडत लंगडत गेलं. मग त्याने आपलं एक ढकललं, ते काचेवरून सरळ घरंगळत पलीकडे पोचलं. "वाकडं बिट गोल भोक पाडत नाही, वाडगा पाडतं. वाडग्यात स्क्रू कसा धरणार? आणि हे टोक बघा. पुढे कठीण धातूची टिकली असते, तीच सगळं काम करते. याची टिकली जळून निळी झालीय. पोराने रेटलं असणार जीव खाऊन."

मग तो भिंतीशी बोलू लागला. म्हणजे बोटाच्या पेराने टकटक करत, कान लावून, बोळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. थांबायचा, मागे यायचा, पुन्हा ठोकायचा. भिंतीला कान असतात म्हणतात, इथे एका माणसाचा कानच भिंतीला चिकटला होता. बाईंना हसू येत होतं. ते फार वेळ टिकलं नाही.

"ही डावीकडची विटेची. जुनी, मऊ वीट आहे. इथून वायर खाली गेलीय, हिला हात लावायचा नाही. आणि ही उजवीकडची सबंध काँक्रीट. हिच्यामागे जिना आहे ना?"

जिनाच होता. एकोणतीस वर्षं बाई या दोन भिंतींमधून ये-जा करत होत्या. दोन्हींना एकच रंग, एकच गिलावा. दोघी सख्ख्या बहिणी असतील असंच त्या धरून चालल्या होत्या.

विटेच्या भिंतीसाठी टकटकने छोटं मशिन घेतलं आणि त्याचा ठोके देणारा खटका बंद केला. "विटेला ठोकायचं नसतं, बाई. ती आतल्या आत फुटते आणि आपल्याला कळतही नाही. नुसतं फिरवायचं, सावकाश." त्याने अगदी बारीक बिटाने एक चाचणीचं भोक पाडलं. भोकाखाली कागदाची घडी चिकटवली होती, तीत भुगा पडू लागला. आधी पांढरा, मग राखाडी आणि रेतीसारखा. टकटक थांबला. "ही दरज. दोन विटांमधला माल. इथे स्क्रू मारला तर उद्या हातात येईल." चार बोटं वर सरकून दुसरं भोक. पांढरा, आणि मग भसकन लाल. "ही वीट."

अशी दोन-तीन भोकं झाल्यावर त्याने खिशातला खडू काढला आणि कोऱ्या भिंतीवर विटा आखत सुटला. एकीची उंची कळली, दरजेची जाडी कळली, की पुढची, त्याच्या पुढची. गिलाव्याखाली कधी कोणी न पाहिलेली अख्खी भिंत बाईंच्या डोळ्यांसमोर उमटत गेली. त्यांनी न राहवून एका खुणेवर बोट ठेवलं. "इथे वीट निघेलच कशावरून?"

"पाडून बघू."

पाडलं. लाल. बाईंनी आणखी लांबची एक जागा दाखवली, पार बाथरूमच्या दाराजवळची. तीही लाल. बाईंनी अक्षरशः तोंडात बोट घातलं. शाळेत न गेलेला हा माणूस फळ्यावर श्रेढी मांडावी तशी भिंत मांडत होता, आणि त्याचं एकही उत्तर चुकत नव्हतं.

"इतकं तुम्हाला शिकवलं कोणी हो?" त्यांनी विचारलं. मधे बोलायचं नाही हे त्या साफ विसरल्या होत्या.

टकटकने मशिन खाली ठेवलं. तरुणपणी मशिन नव्हतं, म्हणाला, छिन्नी-हातोडीने भोकं पाडायचो. एकेका भोकाला अर्धा अर्धा तास. अंगठा त्यातच गेला. मग मशिन आलं आणि डोक्यात हवा गेली. घाईघाईत आईच्या पलंगाच्या वर भिंतीला एक फळी ठोकली. भोकं नेमकी दरजेत पडली होती. फळी डब्यांसकट आईच्या खांद्यावर आली. "तिचा हात पुन्हा डोक्याच्या वर गेला नाही. केस विंचरायला माझ्या बहिणीला बसवायची. जगाला सांगायची, मी घसरून पडले. मला एका शब्दाने बोलली नाही हो. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं." तो खडू बोटांत फिरवत राहिला. "तेव्हापासून ठोकल्याशिवाय भोक नाही, आणि लटकल्याशिवाय काम संपलं म्हणायचं नाही."

लटकणं म्हणजे काय, ते बाईंना विचारवलं नाही.

विटेच्या भिंतीला त्याने दांडा थेट लावलाच नाही. आधी बोळभर लांबीची जाड सागवानी फळी लावली, चोवीस स्क्रूंनी, प्रत्येक स्क्रू विटेच्या पोटात. "एका विटेच्या डोक्यावर ब्याण्णव किलो कशाला? सगळ्यांना वाटून देऊ." प्रत्येक भोकात बाळाच्या बाटलीचा ब्रश फिरवायचा, रबरी फुग्याने फुंकर मारायची, आणि मग स्क्रूला घट्ट धरणारी प्लॅस्टिकची गिट्टी बसवायची. "भुग्यात गिट्टी बसवणं म्हणजे पिठात खुंटी," तो म्हणाला.

काँक्रीटच्या भिंतीला मात्र मोठं मशिन निघालं. त्याचं बिट वेगळंच, मागे खाचा असलेली शेपटी आणि पुढे चार धारांचं टोक. आता खटका ठोक्यांवर. घर हादरलं, पण टकटकचे हात मात्र मशिनला नुसते टेकलेले, जोर असा नाहीच. भाच्याचं बिट जिथे जळालं होतं तिथे हे लोण्यात सुरी जावी तसं आत गेलं. एकदाच आवाज चिरका झाला आणि भुगा थांबला. त्याने तत्क्षणी बोट काढलं. "सळई. तिच्याशी भांडायचं नाही, ती या घराला धरून आहे." तीन बोटं बाजूला सरकून नवं भोक पाडलं.

दुपार कलली तेव्हा दोन्ही भिंतींना दोन दांडे होते. टकटकने चपला काढल्या, विटेच्या बाजूचा दांडा दोन्ही हातांनी धरला, पाय उचलून भिंतीला टेकवले आणि वटवाघळासारखा लोंबकळला. हिसके दिले. दांडा हूं की चूं करेना. पण उतरल्यावर त्याचा चेहरा काही खुलला नाही.

"माझं वजन चौपन्न," तो ओशाळून म्हणाला. "आप्पा ब्याण्णव. हिशोब जुळत नाही, बाई. तुम्हीपण या."

"मी? लटकू?"

"तुमचं किती?"

"त्रेसष्ट," बाई म्हणाल्या आणि गणित त्यांच्या तोंडून आपोआप बाहेर पडलं, "एकशे सतरा." मग काय बोलणार! सहासष्टाव्या वर्षी गणिताच्या बाईंनी दांडा धरला, जीव मुठीत घेतला आणि पाय उचलले. बाजूला टकटक. दोघं एका दांड्याला लोंबकळतायत, बाईंचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आलाय, आणि भिंत ढिम्म. मग समोरच्या भिंतीला तेच.

खोलीतून कसलासा आवाज आला. बाईंना वाटलं आप्पांना ठसका लागला. त्या धावल्या. आप्पा हसत होते. तोंड अर्धंच हलत होतं, पण गदागदा हसत होते, डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

मग हसू ओसरलं. आप्पांनी डाव्या हाताने अंगावरची चादर बाजूला सारली. "मी," ते म्हणाले.

बाईंच्या पाचावर धारण बसली. त्यांनी आप्पांना उठवून उभं केलं, दारापर्यंत आणलं, आणि डाव्या हाताची बोटं दांड्याभोवती घट्ट मिटली. एक पाऊल. मग उजवा पाय ओढत दुसरं. बाई हात पसरून मागे मागे. टकटक आप्पांकडे बघतच नव्हता. फळीवर तळवा टेकवून तो त्यांच्या बरोबरीने एक एक वीत पुढे सरकत होता, आत काही हलतंय का ते चाचपत. काही हललं नाही. बाथरूमच्या दाराशी बाई सवयीने आत शिरायला लागल्या, तेव्हा आप्पा थांबले.

"तू बाहेर."

दार लागलं. बाई बोळात उभ्या राहिल्या. अकरा महिन्यांत पहिल्यांदा त्या दाराच्या या बाजूला होत्या, आणि रिकाम्या हातांचं काय करावं ते त्यांना कळत नव्हतं. टकटक खाली बसून मुकाट्याने भुगा गोळा करत होता.

दार उघडलं तेव्हा आप्पांचा डावा हात काँक्रीटच्या भिंतीवरच्या दांड्यावर होता. पंधरा पावलांना बराच वेळ लागला. पलंगापाशी पोचल्यावर ते स्वतःचे स्वतः बसले, धापा टाकत, घामाने डबडबलेले. बाईंनी पाण्याचा पेला पुढे केला, तो त्यांनी घटाघटा रिकामा केला. मग टकटकला खुणेने जवळ बोलावलं. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागत होता, आणि टकटकही घाई न करता वाट बघत राहिला.

"हिच्यावर... पडलो होतो मी," आप्पा म्हणाले. "परत पडलो असतो... तर ही मेली असती. म्हणून उठत नव्हतो." त्यांनी बोळाकडे बोट केलं, मग बाईंच्या खांद्याकडे. "तू हिला सोडवलंस, बाबा."

दोन महिने ज्याला त्या भीती म्हणत होत्या, रुसवा म्हणत होत्या, ते हे होतं. बाई मटकन पलंगाच्या कडेवर बसल्या आणि पोरीसारख्या हमसून रडू लागल्या. आप्पांनी आपला चांगला हात त्यांच्या खांद्यावर ठेवला, अगदी हलका, भार न टाकता.