बायडाबाईंच्या म्हशीचं यंत्र

संगमेश सर म्हणजे तंद्रीतच जन्मलेला माणूस! कोल्हापुरातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात ते डिझाइन शिकवतात, पण फळ्यावर रेघ ओढता ओढता स्वारी कुठं निघून जाईल याचा नेम नाही. त्यांची एक खोड आहे, तिच्यावरून बाकीचे प्राध्यापक त्यांची टर उडवतात. मेकॅनिकल, इलेक्ट्रॉनिक्स, कॉम्प्युटर, सिव्हिल, सगळ्या शाखांची पोरं एका गटात कोंबायची आणि खऱ्या माणसाची खरी अडचण त्यांच्या पुढ्यात टाकायची.

यंदाची अडचण हातकणंगल्याच्या बायडाबाईंची होती. संधिवातानं बोटं आखडली, धार काढवेना. मुलगा बाळासो म्हणाला, दिवाळीपर्यंत बघू, नाहीतर म्हैस बाजारात. "म्हस गेली की माझं बी आटपलंच म्हना की," बाई सरांना म्हणाल्या. सरांनी दुसऱ्याच दिवशी ही अडचण गटापुढं मांडली.

गटानं जीव ओतला. मेकॅनिकलचा राजवीर पंपाशी झटला, इलेक्ट्रॉनिक्सच्या रक्षितानं दाब मोजणारं सर्किट जुळवलं. दोघं इतकी भांडली की चार दिवस अबोला. अखेर कासेऐवजी रबरी हातमोजा पाण्यानं भरून, बोटांना भोकं पाडून त्याला धार काढायचं यंत्र लावलं. बोटाबोटातून धार! वर्कशॉपमध्ये टाळ्याच टाळ्या. सरांना तर उघड्या डोळ्यांनी दिसू लागले गावोगावचे गोठे, त्यांत साचलेलं पहाटेचं धुकं आणि धुक्यात हळू घुमणारी यंत्रं. त्या नादात, पोरांना आधी आठवडाभर अडचण असेल तिथं, म्हणजे यंदा गोठ्यात, बसवायचं, हा स्वतःचाच नियम ते विसरले. अहो, हातमोज्याला कधी मन असतं का?

दुसऱ्या दिवशी सकाळी बायडाबाईंच्या गोठ्यात म्हशीला यंत्र लावलं. घुर्र झालं, म्हशीनं कान टवकारले आणि पान्हाच चोरला. चरवी कोरडी ठणठणीत. राजवीरनं दाब वाढवला तशी तिनं लाथ झाडली. रक्षिताचे डोळे भरून आले, बाळासोनं तोंड फिरवलं.

"चूक तुमची नाही रे, माझी आहे," सर म्हणाले. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

बायडाबाई उठल्या. "व्हा बाजूला. वळखीचा हात न्हाय, तर ती दूध देतीय व्हय?" आखडलेला हात त्यांनी म्हशीच्या पाठीवर ठेवला आणि फिरवत फिरवत तिच्याशी काहीबाही बोलू लागल्या. कोवळं ऊन गोठ्यात उतरत होतं. पुन्हा लावलेलं यंत्र हळू घुमत होतं, म्हैस डोळे मिटून रवंथ करत होती, आणि सरांना आपण जागे आहोत की नाही तेच कळेना. मग नळीतून एक पांढरी रेघ सरकली. चरवीत फेस चढू लागला.

या खेपेला कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. रक्षितानं डोळे पुसून वही काढली. "आजी, हात नेमका कुठं ठेवता? आराखड्यात घ्यायला हवा."

बाईंनी वाकडी बोटं उन्हात धरून पाहिली. "धार काढाय जमत न्हाय, पर ह्या बोटांचं काम हाय की अजून." मग बाळासोकडं वळून म्हणाल्या, "बाजाराचं नाव काढू नगंस आता."