सलूनवाल्याचा अर्धा श्वास

कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याला गिऱ्हाइकं ‘रेडिओ’ म्हणत. गळ्यावर वस्तरा असताना समोरच्याला उलट बोलता येत नाही, याचा त्यानं आयुष्यभर पुरेपूर फायदा घेतला होता. त्याचं पित्ताशयाचं ऑपरेशन नीट पार पडलं. पण घरी आला तो पलंगाला चिकटलाच. खोल श्वास घेतला की टाके ओढत, खोकला आला की डोळ्यांपुढे काजवे चमकत. मग त्यानं स्वतःच तोडगा काढला. खोकला गिळायचा, श्वास वरच्यावर घ्यायचा आणि जागचं हलायचं नाही. डॉक्टरांनी चालायला सांगितलं होतं, ते या कानानं ऐकून त्या कानानं सोडून दिलं.

बायकोला शंका आली ती भलत्याच गोष्टीवरून. वरच्या मजल्यावरच्या भांडणाचा किस्सा रंगवता रंगवता त्याला धाप लागली आणि किस्सा अर्धवट टाकून तो भिंतीकडे वळला. अंगात कणकणही होती. अशक्तपणा आहे, जाईल, असं तो म्हणाला. तिनं वाद घातला नाही. थोरल्या नणंदेला फोन लावला. ताई आली ती टॅक्सी दारात उभी करूनच.

“ताई, उगाच कशाला... टाके सुकले की... आपोआप बरं वाटेल.”

“एवढं बोलायला दोनदा थांबलास. ऊठ, चपला घाल.”

हॉस्पिटलात रक्त तपासलं, छातीचा एक्स-रे काढला. डॉक्टरीणबाईंनी पाठीला स्टेथोस्कोप लावून बराच वेळ ऐकलं आणि मग पडद्यावर, उजव्या फुफ्फुसाच्या तळाशी, एक पांढुरका पट्टा दाखवला. वरवरच्या श्वासानं हवा तळापर्यंत पोचलीच नव्हती, त्यात कफानं वाट अडवलेली. आणखी अंगावर काढलं असतं तर न्यूमोनियाची भीती होती.

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. “म्हणजे फुफ्फुसाचा तेवढा भाग गेला?”

“गेला नाही, मिटलाय. आम्ही मदत करू, पण उघडायचा तुम्हालाच.”

त्याला ठेवून घेतलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी पोटाशी उशी घट्ट धरून खोकायला लावलं. टाके सुटतील असं त्याला वाटलं होतं. सुटला तो कफ. नळीतून हवा ओढून तीन चेंडू वर उचलायचं एक प्लॅस्टिकचं खेळणं मिळालं. सुरुवातीला एकच चेंडू कसाबसा हलला. शेजारच्या खाटेवरचे आजोबा म्हणाले, माझी नात याहून बरं खेळते. ते त्याला इतकं झोंबलं की जरा जाग आली की नळी तोंडात. ताई स्टूल टाकून पहाऱ्याला, आणि बायको त्याला धरून वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवी. हळूहळू धाप कमी झाली, अंग निवलं, आणि पुढच्या एक्स-रेत पट्टा पुसट झाला. तेव्हा कुठे घरी सोडलं.

आता दुकान लवकर बंद होतं. संध्याकाळी नवरा-बायको चालायला निघतात, गल्लीतून थेट नदीच्या पुलापर्यंत. पुलावर थांबून तो छाती भरून श्वास घेतो, सावकाश सोडतो. इतक्या वर्षांच्या संसारात दोघं अशी नुसती चालायला कधी गेली नव्हती. डॉक्टरांनी हे किती दिवस करायचं ते सांगितलं नाही, आणि त्यानंही विचारलेलं नाही.