धाकट्याची ओढ

आमच्या घराण्यात आजवर कोणी ट्रॅक्टर घेतलेला नाही, आणि माझ्या कर्तबगारीमुळे यापुढेही कोणी घेणार नाही.

मी मुलुंडला तिसऱ्या मजल्यावर राहतो. जमीन म्हणाल तर बाल्कनीतल्या कुंड्यांत आहे तेवढी, आणि तिच्यावरही बायकोच्या कढीपत्त्याचं कूळ लागलेलं! पण लहानपणी मे महिन्यात मामाकडे गेलो की मी त्याच्या ट्रॅक्टरच्या मडगार्डवर बसून शिवारभर फिरायचो. खाली काळी ढेकळं उलटत जायची, मागे बगळे उतरायचे आणि इंजिनाच्या टुकटुकीत मला झोप यायची. मामा एका हातानं स्टिअरिंग धरायचा आणि दुसऱ्या हातानं मला. ते सुख पुढे कशातच सापडलं नाही. विम्याच्या नोकरीत झोप यायची, पण धरायला कोणी नसायचं.

निवृत्त झालो आणि वेळ मोकळा झाला. दुपारी बाल्कनीत आरामखुर्चीवर पडलं की समोर नॅशनल पार्कचे डोंगर निळसर दिसतात. खाली सोसायटीचा पाण्याचा पंप सुरू होतो, आणि त्याच्या आवाजावर मी निघतो. कंपाउंडच्या फरश्या उलथत नांगर चालवतो, सेक्रेटरीच्या गाडीला वळसा घालतो, तास काढत काढत पार हायवेला लागतो आणि टोलनाक्याच्या जागी ज्वारी डोलायला लागते. पंप बंद पडला की ज्वारीही जाते, आणि मी चहा मागतो.

हे स्वप्न माझ्यापुरतंच राहिलं असतं तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण घाटकोपरचा दिघे मध्ये आला. हा माझा ऑफिसातला मित्र. नोकरीभर आमची टेबलं शेजारी शेजारी. मुरबाडजवळ त्याची अर्धा एकर जागा आहे आणि तिच्यात गवत उत्तम येतं. आपण दोघांत मिळून एक जुना ट्रॅक्टर घेऊ या, असं त्याच्या डोक्यात आलं. नवा नको, जुनाच. नव्याला काय, कोणीही चालवेल, पण जुन्या इंजिनाला जीव असतो, असं त्याचं म्हणणं. (त्याला सायकलही चालवता येत नाही.) घरी मात्र कळू द्यायचं नव्हतं, कारण याआधी त्यानं हार्मोनियम आणली तेव्हा वहिनी पंधरवडाभर बोलत नव्हत्या. म्हणून फोनवर 'ट्रॅक्टर' हा शब्दच काढायचा नाही असं ठरलं. दोन ट्रॅक्टर नजरेत होते. त्यांतला जास्त जुना तो थोरला, आणि कमी जुना तो धाकटा.

थोरला मुरबाडचा, लाल. कमालीचा भरवशाचा. थंडीच्या दिवसांतही एका चावीत चालू, आणि वर्षानुवर्षं इंजिनाला हात लावलेला नाही. पण मागे भरलेली ट्रॉली आणि समोर चढ आला, की पुढची चाकं उचलायची आणि गडी जागच्या जागी धापा टाकायचा. धाकटा शहापूरचा, निळा. तो सकाळी रुसलेला असायचा. मनधरणी करा, नाहीतर उतारावरून ढकला. पण एकदा लागला की चिखलात रुतलेली ट्रॉली चिखलासकट वर काढायचा. हे सगळं दिघे बघून आला होता. मी फक्त फोटो पाहिले होते, तेही बोटांनी मोठे करकरून, गंजाचे डाग दिसेपर्यंत. एकात भरवसा आणि दुसऱ्यात ओढ. मला तर जेवतानाही हाच प्रश्न दिसायचा.

याच दिवसांत घरात दुसरंच शिजत होतं. आमची मुलगी ऋता, तिनं आईला सांगितलं होतं की तिला बोरिवलीचा अमेय राऊत आवडतो. अमेय इंजिनिअर, दोन भावांतला धाकटा, स्वभावानं सोन्यासारखा. पण हल्लीच त्यानं बरी नोकरी सोडली होती आणि तो शाळेतल्या मुलांना डोंगर चढायला शिकवत होता. ऋताला भीती माझी होती. जन्मभर विमा विकणारा बाप, त्याला असला बिनभरवशाचा जावई कसा चालावा? बाबा नाही म्हणाला तर मी भांडणार नाही, पण मग मला दुसरी स्थळंही दाखवू नका, असं तिनं आईला बजावलं होतं. सुमननं (म्हणजे आमच्या हिनं) एका दुपारी बाल्कनीत येऊन हे सगळं मला समजावून सांगितलं. खाली पंप चालू होता आणि मी टोलनाक्यापाशी होतो. मी "हं, बघू" म्हणालो म्हणे, आणि तेही डोळे उघडे ठेवून!

दोन दिवसांनी ती कपडे वाळत घालायला आली आणि दारातच थबकली, कारण मी फोनवर दिघ्याला सांगत होतो:

"मी खूप विचार केला यार. ओढ महत्त्वाची. भरवसा काय, हळूहळू बसतो. धाकट्याला आपला होकार. रविवारी त्यांना घरीच बोलावू."

धाकट्या ट्रॅक्टरच्या मालकांची बहीण घाटकोपरला असते. रविवारी ते बायकोला घेऊन तिच्याकडे येणार होते, आणि वाटेत आमच्याकडे बोलणी करून जाणार होते. हिला काय सांगायचं ते मी ऐनवेळी बघणार होतो, आणि दिघे वहिनींच्या धाकानं येणार नव्हता. सुमनला यातलं काय माहीत? तिनं ओल्या टॉवेलनं डोळे पुसले आणि बोरिवलीला फोन लावला. रात्री मला म्हणाली, "रविवारी येतायत हं ते." मी चपापलो. म्हणजे हिला सगळं कळलं, आणि तरी हिनं शिरा केलाय! इतक्या वर्षांत ही बाई आपल्याला समजलीच नाही, असं मला वाटलं. मी दोन वाट्या शिरा खाल्ला. मागून ऋता आली आणि गळ्यात पडली. "थँक्यू बाबा. मला वाटलं होतं तू नाही म्हणशील."

"नाही कशाला म्हणू? तुलाही बसवीन मडगार्डवर."

ती हसली. माझं निम्मं बोलणं तिला लहानपणापासून कळत नाही.

रविवारी बेल वाजली. दारात एक नीटनेटके गृहस्थ, सोबत बाई. "आम्ही राऊत," ते म्हणाले. मालकांचं नाव मी दिघ्याला विचारलंच नव्हतं, त्यामुळे राऊत असायला माझी काही हरकत नव्हती. सुमननं बाहेर येऊन स्वागत केलं, तुमचं बोलणं होऊ दे म्हणाली आणि आत जाऊन चटणीसाठी मिक्सर लावला. मी खुर्ची पुढे ओढली आणि थेट मुद्द्यावर आलो.

"किती वर्षं झाली?"

"एकोणतीस पूर्ण."

दिघ्यानं चाळिशी उलटल्याचं सांगितलं होतं. म्हणजे माल अपेक्षेपेक्षा नवा निघाला. "सकाळचं कसं काय? लगेच चालू होतो?"

राऊत हसले. "सकाळचं तेवढं विचारू नका. दोन-चार हाका माराव्या लागतात."

"धूर सोडतो?"

दोघांचे चेहरे उतरले. "मध्यंतरी सोडायचा," बाई हळूच म्हणाल्या. "आता अजिबात नाही. मी शपथ घातलीय."

इंजिनाला शपथ घालणारी बाई मी प्रथमच पाहत होतो. जुन्या इंजिनाला जीव असतो हे दिघ्याचं म्हणणं मला तिथल्या तिथे पटलं. मग मी विचारलं, आतून कधी उघडलाय का? राऊत म्हणाले, एकदाच, अपेंडिक्ससाठी. ट्रॅक्टरचा हा भाग मला माहीत नव्हता. पण अडाणीपणा दिसू नये म्हणून मी जाणकारासारखी मान हलवली आणि विचारलं, "नवीन टाकलं की तसंच चालवताय?"

"तसंच," राऊत चाचरत म्हणाले.

"आणि याआधी आणखी कोणाकडे होता?"

राऊत बाईंकडे बघायला लागले, बाई छताकडे. "एक होती," अखेर ते म्हणाले. "पण ते वर्षभरातच मिटलं."

"म्हणजे सेकंडहँड," मी म्हणालो. "असू दे. मला फक्त एकच सांगा. ओढ कशी आहे?"

बाईंचा चेहरा एकदम उजळला. "ओढीचं काय सांगू! तिच्याशिवाय त्याला दुसरं सुचत नाही."

तिच्याशिवाय म्हणजे ट्रॉलीशिवाय, हे उघडच होतं. मी म्हटलं, "ती जड आहे हां. पुढे पुढे भार वाढणारच. उद्या कुठे रुतली, तर मध्येच सोडून देणार नाही ना?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "नाही हो. मरेपर्यंत नाही सोडणार."

मलाही भरून आलं. एखाद्या यंत्राबद्दल कोणी असं बोललेलं मी मामानंतर ऐकलं नव्हतं. डोळ्यांपुढे मुरबाडचं शिवार आलं, दिघ्याच्या गवतात बगळे उतरले, आणि त्याच तंद्रीत मी म्हणालो, "मग ठरलं आपलं. आता किंमत बोला."

राऊत उभे राहिले. "आम्ही मुलगा विकायला काढलेला नाही."

"मुलगा कसला? मी ट्रॅक्टरची किंमत विचारतोय."

नेमका तेव्हा मिक्सर थांबला. स्वयंपाकघराच्या दारात सुमन, तिच्यामागे पोह्यांचा ट्रे घेतलेली ऋता. मग कोणाला काय वाटत होतं आणि कोण काय विचारत होतं याचा उलगडा झाला. पण राऊत काही ऐकेनात. मुलुंडला, तिसऱ्या मजल्यावर, ट्रॅक्टर? नकार द्यायचा तर सरळ द्यायचा होता, घरी बोलावून थट्टा कशाला केलीत, असं म्हणत ते दाराशी जाऊन बूट घालायला लागले. बाई नुसत्याच उभ्या होत्या. ऋता माझ्याकडे बघत नव्हती. ती ट्रेमधल्या पोह्यांकडे बघत होती, आणि मला आयुष्यात कधी वाटली नव्हती एवढी लाज वाटली. लाजेहूनही भीती जास्त. ही पोर भांडणार नव्हती. मुकाट्यानं सगळं आवरून ठेवणार होती.

"ऋता," मी म्हटलं, "मी त्या मुलाला पाहिलेलं नाही. पण त्याच्या आईनं आत्ता जे सांगितलं, त्यापुढे मला काही विचारायचं उरलेलं नाही. माझा होकार आहे. भरवशाचं मी बघतो."

ऋतानं वर पाहिलं. पण तिकडे राऊतांचा एक बूट चढला होता आणि दुसऱ्याची लेस चालली होती.

पुन्हा बेल वाजली. राऊतांनीच दार उघडलं. बाहेर पांढरी टोपी घातलेले एक गृहस्थ आणि त्यांची मंडळी उभी होती. "जुना ट्रॅक्टर घेणारे साहेब इथंच राहतात का?" त्यांनी विचारलं.

राऊत एका बुटावर तसेच उभे राहिले. एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा टोपीकडे, आणि त्यांच्या मिशीखाली काहीतरी हललं. पाहुण्यांना आत घेऊन त्यांनी खुर्ची दिली आणि माझेच सगळे प्रश्न ओळीनं त्यांना विचारले. सकाळचं कसं काय? धूर सोडतो का? याआधी कोणाकडे होता? (अपेंडिक्सचंही सोडलं नाही.) मालक प्रामाणिक माणूस. ते म्हणाले, "खोटं कशाला सांगू साहेब, वय झालंय. आपण होऊन चालू होत नाही, धक्का मारावा लागतो. पण एकदा लागला की गुमान ओढतो."

सुमननं त्यांच्या हातात पोह्यांची बशी दिली.

"मग नको भाऊ," ती म्हणाली. "तसला एक आहे आमच्याकडे. दुसरा ठेवायला जागा नाही."

राऊत इतके हसले की भिंतीला धरून खाली बसले आणि बसल्या बसल्या त्यांनी बूट काढून टाकला. राऊतबाईंनी ऋताला जवळ घेतलं. अमेय डोंगरावरून उतरून संध्याकाळी येणार होता, त्याला फोन गेला. मी मधोमध उभा होतो. खाली पंप सुरू झाला होता, समोरचे डोंगर निळे दिसत होते आणि कोपऱ्यावर जाऊन पेढे घेऊन या, असं मला कोणीतरी सांगत होतं. सुमननं पाठीला हात लावून मला दाराकडे ढकललं, मी जागचा हललो नाही. तिनं पदर खोचला आणि पुन्हा ढकललं.

दुसऱ्या धक्क्याला मी चालू झालो.