शेपटाकडून कापलेला फोटो

पक्षी भाताच्या खाचरात सापडला. श्रावण होता. पश्चिमेचा वारा काही दिवस सतत घाट चढून येत होता आणि पवना धरणाच्या कडेला राहणाऱ्या मावशी बांधावर गवत कापायला गेल्या होत्या. कावळे एका जागी घिरट्या घालत होते. मावशींनी ढेकूळ मारून कावळे उडवले, चिखलात पडलेला पक्षी पदराखाली घेतला, घरी आणला आणि खुडूक कोंबडीला बाहेर काढून तिच्या डाल्याखाली ठेवला. मग सुनेच्या मोबाइलवरून मला फोन लावला.

"ताई, तुमचं पाखरू आलंय."

पाखरू माझे नव्हते. पण मी लोणावळ्याला राहते, धरणाच्या कडेने कॅमेरा घेऊन फिरते, आणि त्यांच्या पडवीत चहा घेताना एकदा सांगून ठेवले होते की अनोळखी पक्षी दिसला तर कळवा. त्याआधीची बरीच वर्षे पुण्यात वृत्तपत्राच्या डेस्कवर गेली. दुसऱ्यांनी पाठवलेल्या बातम्या आणि फोटो जागेत बसवणे, हे काम.

मी विचारले, केवढे आहे. होल्याएवढे, असे त्यांनी सांगितले. होला म्हणजे कबुतराहून लहान रानपाखरू. रंग काळा आणि पांढरा, पण ठिगळ लावल्यासारखा. चोच सरळ, काळी. पायाच्या बोटांना बदकासारखा पडदा. आबा, म्हणजे मावशींचे मालक, मागून काहीतरी बोलत होते. पाहुण्याला मासळी लागते, घरात तर शनिवारचा उपास, असा त्यांचा मुद्दा होता.

थोड्या वेळाने सुनेने फोटो पाठवला. घरातल्या अंधारात काढलेला होता. डाल्याच्या बांबूच्या कामट्या, पलीकडे निळे पिंप, एका कोपऱ्यात रुसलेली कोंबडी, आणि मध्ये पक्षी. मी तो मोबाइलवरच उजळला आणि कापला. डोके, चोच, छाती, पंखाचा वरचा भाग ठेवला. आता फोटो चांगला दिसत होता. काळपट छातीत पांढरी पिसे उगवत होती की पांढऱ्या छातीतून काळी गळत होती, ते मला ठरवता येत नव्हते. पक्षी एका वेशातून दुसऱ्या वेशात जात होता आणि मधल्या अवस्थेतली चित्रे माझ्याकडच्या पुस्तकात नव्हती.

कोकणात किनाऱ्यावर राहणारे एक निवृत्त प्राध्यापक आहेत. माझे अडले की मी त्यांना विचारते. त्यांना हा कापलेला फोटो पाठवला आणि खाली लिहिले, "होल्याएवढा." त्यांचे उत्तर आले, "पांढऱ्या पंखांचा सुरय वाटतो, पिसे बदलणारा, आकार खरेच होल्याएवढा असेल तर."

सुरय हा पाण्यावर सूर मारून मासे टिपणारा पक्षी. त्याच्या काही जाती नद्यांवर आणि धरणांवर राहतात. पांढऱ्या पंखांचा सुरय त्यांतलाच. तो दमून पडला असेल तर त्याला जवळच्या पाण्यापाशी सोडणे, हा सरळ उपाय.

त्या भागाच्या वनरक्षकाचा नंबर माझ्याकडे होता. जखमी पक्षी घरात ठेवणे कायद्यात बसत नाही, त्यामुळे त्याला कळवणे भागच होते. मी लिहिले, "पांढऱ्या पंखांचा सुरय. गोड्या पाण्यातला. धरणावर सोडता येईल." त्याचे उत्तर लगेच आले. तो जवळच फिरतीवर होता, जाताजाता पक्षी ताब्यात घेऊन सोडतो म्हणाला. मी कॅमेरा आवरून ठेवला. शनिवार होता. श्रावणातल्या शनिवारी लोणावळ्याबाहेर पडायचे नाही, हा इथे राहणाऱ्यांचा नियम आहे.

प्राध्यापकांचा फोन त्यानंतर आला.

"शेपटी कुठे आहे?" त्यांनी विचारले. "मला शेपटी दिसतच नाही. मूळ फोटो एवढाच आहे का?"

मूळ फोटो एवढाच नव्हता. तो उघडला. पक्ष्याची शेपटी डाल्याच्या कामट्यांमधून बाहेर आली होती. लांब, गडद, आणि टोकाला खोल दुभंगलेली. पांढऱ्या पंखांच्या सुरयाची शेपटी आखूड आणि फिकट असते. दुसरी गोष्ट होती ते डाले. मावशींच्या त्या डाल्याखाली खुडूक कोंबडी तिच्या पिल्लांसह बसते, ते मी पाहिलेले आहे. ते डाले या पक्ष्याने एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत भरून टाकले होते. होल्याला तिथे फिरायला अंगण मिळाले असते.

मग मावशींचे वाक्य आठवले, सगळे. "होल्यायेवढं वजन हाये, पन पसारा लय मोठा."

डेस्कवर बातमी शेपटाकडून कापतात. महत्त्वाचे वर, कमी महत्त्वाचे खाली, आणि जागा कमी पडली की खालचे आधी जाते. फोटोचेही तसेच. चेहरा ठेवायचा, कडेचे सामान काढायचे. या पद्धतीने हजारो बातम्या बसवल्या आणि त्यात फारसे कुणाचे बिघडले नाही. त्या सकाळी पक्ष्याचे शेपूट गेले होते, मावशींच्या वाक्याचा शेवट गेला होता, आणि प्राध्यापकांनी वाक्याच्या टोकाला ठेवलेली अटही वनरक्षकापर्यंत पोचली नव्हती.

पूर्ण फोटो मी प्राध्यापकांना पाठवला. त्यांनी तो मोठा करून पाहिला. मग म्हणाले की हा बहुधा समुद्रावरचा सुरय आहे, सूटी टर्न, वर्षाच्या आतबाहेरचे पिल्लू, पहिली तपकिरी पिसे टाकून काळी-पांढरी घेणारे. वादळाने घाटावर फेकले. खात्री करायला त्यांना पंखाची खालची बाजू हवी होती. पण खात्रीआधी एक गोष्ट थांबवायला हवी होती.

"त्याला पाण्यावर सोडू देऊ नका," ते म्हणाले. "त्याची पिसे पाणी धरतात. तो समुद्रावरही पाण्यात बसत नाही. उपाशी आहे, उडता येत नाही. धरणावर ठेवलात तर भिजून बुडेल."

वनरक्षकाचा फोन कव्हरेजच्या बाहेर होता. सुनेचा लागला. ती तोपर्यंत कामावर, तंबूंच्या कॅम्पवर पोचली होती, आणि मोबाइल तिच्याबरोबर होता. घरी दुसरा फोन नव्हता. ती म्हणाली, गर्दीमुळे मला सोडणार नाहीत, पण पाहते.

कॅमेरा पिशवीत टाकला आणि स्कूटर काढली. गावाबाहेर गाड्यांची रांग उभीच होती. उघड्या दारांतून गाणी, रस्त्यात नाचणारी मुले, कणसाच्या शेगड्यांचा धूर. रांगेच्या कडेने चिखलातून स्कूटर जात होती, थांबत होती. एका ठिकाणी दोन गाड्यांचे आरसे एकमेकांत अडकले होते आणि दोन्ही चालक खाली उतरून तिसऱ्याच माणसाशी भांडत होते. मी सारखा वनरक्षकाचा नंबर लावत होते. दुधिवरे खिंडीत धुके इतके होते की पुढच्या गाडीचा दिवा दिसेनासा झाला. खिंड उतरल्यावर धरणाचे पाणी दिसले, करडे, वाऱ्याने खवळलेले.

पडवीत आबा एकटेच बसले होते.

"गेलं की पाखरू. तुमचा मानूस येऊन घेऊन गेला."

कुठे नेले, मी विचारले. सोडायचे नाही, थांबवायचे आहे, असे सांगितले.

"खालती, पान्याकडं. ही बी गेलीय डालं घेऊन. डालं द्यायला तयार न्हवती, म्हनून सोताच गेली." त्यांनी माझ्या ओल्या कपड्यांकडे पाहिले. "सकाळी म्हनता सोडा, आता म्हनता धरा. पेपरात बी असंच लिवायच्या का?"

मी तशीच खाली निघाले. शेताच्या कडेची पायवाट निसरडी होती. खाली पाण्याच्या अलीकडे खडकावर वनरक्षक उभा होता, खाकी रेनकोटात, आणि त्याच्या शेजारी मावशी डोक्यावर प्लास्टिकची खोळ घेऊन. पक्षी वनरक्षकाच्या हातात होता.

मी थांबा म्हणाले. तो थांबला. तरुण, शांत मुलगा होता. मी सांगितलेले सगळे त्याने ऐकून घेतले आणि मोबाइल काढून माझाच मेसेज माझ्यासमोर धरला.

"मॅडम, हे तुमचंच आहे. मी साहेबांना पुढे पाठवलंय. गोड्या पाण्यातला, धरणावर सोडता येईल. आता समुद्रातला म्हणायचं तर मला कारण द्यावं लागेल."

"कारण शेपटी आहे."

"मला शेपटीतलं कळत नाही. तुमच्या सरांनी लिहून द्यावं. मग मी साहेबांना सांगतो."

त्याचे म्हणणे चूक नव्हते. फक्त तिथे रेंज नव्हती. रेंज वर, रस्त्याच्या वळणावर होती.

फोटो मात्र तिथेच काढायचे होते. मी कॅमेरा काढला. मावशींनी डाले आडवे करून पक्ष्यामागे धरले, म्हणजे माप कळेल. वनरक्षकाने एका हाताने पक्ष्याचे अंग आणि दुसऱ्याने पंखाचे टोक धरून पंख उघडला. पक्ष्याने त्याचे बोट चोचीत पकडले. त्याने हात हलवला नाही. भिंगावर पाणी येत होते, मी पुसत होते, पुन्हा येत होते. पंखाची खालची बाजू फिकट होती, जवळजवळ पांढरी. वेश बदलणाऱ्या पांढऱ्या पंखांच्या सुरयाला तिथे काळ्या पिसांच्या खुणा राहतात. इथे त्या नव्हत्या. पाठीवर जुनी तपकिरी पिसे झिजलेली होती, त्यांच्या मधून नवी काळी पिसे निघत होती, काही अजून कोंबासारख्या वेष्टनात. पोटावर पांढरे पसरत होते. या वेळी काहीच कापले नाही. वनरक्षकाचा हात, मावशींची बांगडी, डाले, शेपटी, सगळे फोटोत राहिले.

"लवकर करा," वनरक्षक म्हणाला. "हा थंड पडतोय."

ते मलाही दिसत होते. पक्ष्याची मान मघापेक्षा खाली आली होती.

वळणापर्यंत चढ होता. वर पोचून कॅमेऱ्यातले फोटो मोबाइलवर घेतले आणि पाठवले. पडद्यावर चक्र फिरत राहिले. पहिला फोटो गेला. दुसरा अडकला. वरून खडक दिसत होता. पाऊस वाढला तसा वनरक्षक पाण्याच्या दिशेने चार पावले चालला, पक्षी दोन्ही हातांत धरून. मी ओरडले, पण वारा माझ्याकडे येत होता, आवाज खाली जाणे शक्य नव्हते. तो वाकला. त्याने पक्षी पाण्यालगतच्या दगडावर ठेवला आणि हात मागे घेतला. एक लाट दगडाला लागली. पक्ष्याने पंख उघडायचा प्रयत्न केला, तो अर्धाच उघडला.

तेवढ्यात मावशींनी डाले उलटे करून पक्ष्यावर टाकले आणि त्यावर हात ठेवून दगडापाशी उकिडव्या बसल्या.

त्या काय म्हणाल्या ते नंतर वनरक्षकाने सांगितले. पक्षी हातातच मरेल म्हणून तो सोडत होता, आणि म्हणाला होता की मावशी, हा पक्षी आहे, कोंबडी नाही. त्या म्हणाल्या, "ताई येऊंद्या. तवर कोंबडीच समजा. कोंबडी पावसात सोडत्यात व्हय?"

मोबाइल वाजला. मी मेसेज शेवटपर्यंत वाचला, मग पुन्हा वाचला. "सूटी टर्न. शंका नाही. पाण्यावर नको. कोरड्या खोक्यात ठेवा, अंधारात. घाटाखाली पाठवा, मी घेतो." यातला एकही शब्द वगळता येत नव्हता. वनरक्षकाला मी तो पूर्ण दाखवला. तो त्याने सावकाश वाचला, मग स्वतः वळणावर जाऊन साहेबांना फोन केला. साहेबांनी त्याला एकच प्रश्न विचारला, की आता परत बदलणार नाही ना. तो माझ्याकडे पाहून नाही म्हणाला.

मावशींच्या घरी पक्ष्याला फडक्यात पुसून खोक्यात ठेवले. आबांनी शेजारून धरणातले चार लहान मासे आणले होते. उपास त्यांचा होता, पाहुण्याचा नव्हता, असे ते म्हणाले. पक्ष्याने एक गिळला, एक टाकला. संध्याकाळी खात्याची गाडी खोके घेऊन घाट उतरली.

पुढचे काही दिवस प्राध्यापकांकडून रोज एक ओळ येत होती. खातो. खात नाही. खातो. पंख झटकतो. मग एके सकाळी चित्रफीत आली. मासेमारीची होडी, उघडलेले खोके, आणि एक काळी-पांढरी गोष्ट चौकटीच्या उजव्या कडेने बाहेर जाते. पुढे नुसते पाणी दिसते. त्याचे पुढे काय झाले ते कुणालाही माहीत नाही, त्यामुळे ते इथे लिहिता येत नाही.

त्याच दिवशी मावशींचा फोन आला. गेलं का, त्यांनी विचारले. गेला, मी म्हणाले.

"असं न्हाई," त्या म्हणाल्या. "पैल्यापासनं सांगा."

मी पहिल्यापासून सांगितले. काय खाल्ले, कधी टाकले, होडी कुणाची होती, कोणत्या बाजूला उडाला. सगळे झाल्यावर त्यांनी त्यांची बाजू सांगितली. डाले दोनदा धुऊन उन्हात घातले, पण कोंबडी आत जाईना झाली होती. डाल्याला मासळीचा वास येतो, असे तिचे म्हणणे असावे. आबा म्हणत होते, ते डाले आता पेपरवाल्या बाईंना देऊन टाका.