उंबऱ्याबाहेरचा तास

त्याने ड्रॉइंग बोर्ड शाळेच्या हौदावर नेला आणि सगळ्या वर्गादेखत धुतला. राखेने घासून धुतला. खरकटं भांडं घासावं तसा.

मी व्हरांड्यात उभा राहून बघत होतो. बोर्ड धुणारा गृहस्थ एका विद्यार्थ्याचा बाप. गावातला भातगिरणीवाला. आदल्या दिवशी त्याच्या मुलाचा टी-स्क्वेअर, सरळ रेघा मारायची आडव्या दांडीची पट्टी, बोर्डाच्या कडेला नीट टेकत नव्हता. रेघ तिरपी जात होती. मी बोर्डावर हात ठेवला, टी-स्क्वेअर सरळ केला. एवढंच.

"परत हात लावलास तर हात ऱ्हायचा नाय," तो मला म्हणाला.

मी चोवीस वर्षांचा होतो. त्या शाळेत मास्तर होतो. आणि महार होतो.

लाकडी बोर्ड तो. पाणी प्यायला, उन्हात टाकला, वाकला. त्यावर पुन्हा काटकोन म्हणून जुळला नाही. मुलाच्या रेघा बिघडल्या. दोष माझ्या शिकवण्याला.

लढाईचे दिवस होते. कारखान्यांना नकाशा वाचणारी माणसं हवी होती, म्हणून शहापूर तालुक्यातल्या त्या शाळेने यांत्रिक ड्रॉइंग सुरू केलं. मी मुंबईत एका वर्कशॉपात फिटरच्या हाताखाली होतो. काम सुटल्यावर ड्रॉइंग शिकलो, परीक्षा पास झालो. शाळेला दुसरा कुणी मिळाला नाही. म्हणून मी.

हेडमास्तरांनी मला बोलावलं. आवाज मऊ. "तुम्ही समजूतदार आहात. उद्यापासून दारातून सांगत जा. फळ्यावर आमचे कवायतीचे मास्तर काढतील."

मी "बरं" म्हणालो. हे मी लपवणार नाही. पगाराची नोकरी होती, घरी आई होती. मी बरं म्हणालो.

तीन महिने मी उंबऱ्याबाहेरून शिकवलं. ठोकळा वरून कसा दिसतो, समोरून कसा, बाजूने कसा. बोलणार मी, काढणार कवायतीचे मास्तर. ठोकळ्याची मागची कड आपल्याला दिसत नाही, पण ती असते, तुटक रेघेने दाखवा, असं मी सांगायचो. "दिसत नाही ती काढायची कशाला?" म्हणून ते सोडून द्यायचे. मुलं चुकीचं तेच उतरवून घ्यायची. मला ते समोर दिसायचं. हात शिवशिवायचे. मी ते पाठीमागे धरून ठेवायचो.

मुलं बाकीच्यांना सर म्हणायची. मला "ओ ड्रॉइंग".

आई मुरबाडकडे, धसईच्या पलीकडे आमच्या वस्तीत असायची. लाकडाच्या मोळ्या विकायची. पोरगा मास्तर झाला, हे बाजारात भेटेल त्याला सांगायची. मी घरी गेलो की विचारायची, "खुर्ची हाय का रे तुला?"

"हाय," मी सांगायचो.

भात झोडून झालं आणि ती न कळवता आली. पायी. वाटेत एका नातेवाइकाकडे मुक्काम करून. फडक्यात नव्या तांदळाच्या भाकऱ्या, सुकटाची चटणी. मी दारात उभा राहून आत सांगत होतो. तोंडावर ऊन. मागून आवाज आला.

"तू भायेर का रे?"

वर्ग हसला. कवायतीचे मास्तर हसले. आईने गाठोडं खाली ठेवलं आणि पदर सारखा करून बाजूला उभी राहिली. तिला ते आपोआप जमलं. आयुष्यभर तेच करत आली होती.

खोलीवर आल्यावर तिने भाकऱ्या माझ्यापुढे ठेवल्या. मग म्हणाली, "मोळी घेऊन जाते तवा मी पन दाराच्या भायेरच ऱ्हाते. मला वाटलं, तू तरी आत असशील."

ती जेवली नाही. सकाळी निघून गेली.

मी तिला मुरबाडच्या वाटेला लावलं आणि शाळेत गेलो. उंबरा ओलांडला. कवायतीच्या मास्तरांना म्हणालो, "खडू द्या." त्यांनी हातात दिला नाही, खाली टाकला. मी उचलला.

ठोकळा काढला. त्याची तिन्ही दृश्यं काढली. मागच्या कडेची तुटक रेघ काढली. रेघ सरळ आली. पाठीमागे बाकं सरकत होती. मुलं एकेक करून बाहेर पडत होती. शेवटी गिरणीवाल्याचा मुलगा राहिला. मान खाली घालून त्याने सगळं उतरवून घेतलं, मग उठला.

"सर, मी जातो. बाबा मारतील."

रिकाम्या वर्गात मी फळ्यावर प्रत्येक दृश्याचं नाव लिहिलं. हेडमास्तर दारात आले. "हे काय केलंत?"

"शिकवलं."

संध्याकाळच्या आत मला काढलं.

आईला वाटलं, ती आली म्हणून नोकरी गेली. मी किती वेळा समजावलं. तिने मानलं नाही. जो भेटेल त्याला सांगायची, "माझ्या पायगुणानं गेली पोराची नोकरी." पुढच्या चैत्रात ती वारली. तेच मनात घेऊन वारली. ती मला दोष देत नव्हती, शाळेवाल्यांना देत नव्हती. स्वतःला देत होती. याची माफी त्यांना माझ्याजवळ नाही.

मी परत वर्कशॉपात लागलो. नंतर दोन शाळांनी विचारणा केली. दोघींना मी एकच विचारलं: वर्गात, फळ्यासमोर उभं राहू द्याल का? एकीचं उत्तर आलं नाही. दुसरी म्हणाली, "बघू." मी गेलो नाही.

तिसरी शाळा विचारील, तिलाही हेच विचारीन. आत घ्या. नाहीतर तुमची पोरं अडाणी राहू देत.