यादीबाहेरचं बत्तिसावं माणूस

एक सप्टेंबर २०१३, रविवार. टोकियोजवळच्या ग्योतोकुतल्या आमच्या इमारतीचा भूकंप-सराव होता. रहिवाशांची यादी सांभाळायची पाळी त्या वर्षी माझी होती. यादीत एकतीस माणसं, अंगणात भरली बत्तीस. मी तीनदा मोजली. तिसऱ्यांदा पाचव्या मजल्यावरच्या बाई इतक्या मोठ्याने हसल्या, की अग्निशमन दलाचा माणूस दचकला. "पेठे-सान, जास्तीचं माणूस माझं आहे!"

ते हसणं हीच बाईंची ओळख. बाई अमेरिकेतल्या, काळ्या, उंच, टोकियोच्या एका शाळेत इंग्रजी शिकवायच्या. गाडीत सगळा डबा त्यांच्याकडे बघायचा आणि शेजारची जागा मात्र रिकामी राहायची. तसली रिकामी जागा माझ्याही ओळखीची, त्यामुळे भेटलो की आम्ही शेजारी बसायचो. "आज जपानच्या दोन जागा वाचल्या," बाई म्हणायच्या.

बाई कविता लिहायच्या, आणि त्याहून जास्त इतरांच्या म्हणून दाखवायच्या. बायकांवर प्रेम करणाऱ्या काळ्या बायका, पुरुषांवर प्रेम करणारे काळे पुरुष, अशांच्या त्या कविता. गॅलरीत कपडे वाळत घालताना म्हणायच्या, आणि खाली आमच्या चहाबरोबर आम्हाला ऐकू यायच्या. मला कवितेतलं कळत नाही, यादीतलं कळतं. म्हणून त्यांनी मला तसं समजावलं.

"काळ्यांच्या यादीत आमचं प्रेम गाळतात, अशा प्रेमाच्या यादीत आमचा रंग. दोन्ही याद्या बरोबर, आणि माणूस कुठेच नाही."

"मग याद्या बरोबर कशा?"

"म्हणूनच तर लिहावं लागतं, पेठे-सान!"

जास्तीचं माणूस म्हणजे काझुए-सान. दोघी सहा वर्षं एकत्र राहत होत्या. काझुए-सान जवळच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. पालकांत बोभाटा होईल या धास्तीने त्यांनी यादीत नाव येऊ दिलं नव्हतं. २०११च्या भूकंपात बाई टोकियोत होत्या. यादी घेऊन फिरणाऱ्यांनी दाराबाहेरून बाईंचं नाव पुकारलं. आत त्या दिवशी रजेवर असलेल्या काझुए-सान पुस्तकांच्या कपाटाखाली अडकलेल्या. पुकारलेलं नाव आपलं नव्हे, आणि बोललं तर इथे राहणं उघड होईल, म्हणून त्यांनी ओ दिली नाही. घरात कोणी नाही असं समजून माणसं पुढे गेली. बाई चालत घरी पोचल्या चार तासांनी. काझुए-सानचं पाय मुरगळण्यावर निभावलं. "कवितेची पुस्तकं किती जड असतात, ते तिला विचारा," बाई सांगायच्या, आणि तेवढ्यापुरत्या हसायच्या नाहीत.

सरावानंतर मी दोघींना स्पष्ट सांगितलं, "यादी माझ्या कपाटात कुलपात असते. ती शाळेत जात नाही. पण तिच्यात नाव नसेल, तर शोधायला कोणी येत नाही."

आठवड्याने काझुए-सान पेन घेऊन खाली आल्या. नाव लिहिलं आणि 'नातं' या रकान्याशी थांबल्या.

"भाडेकरीण लिही," बाई मागून म्हणाल्या, "पण मग भाडं दे!"

काझुए-सान हसल्या आणि रकाना कोरा ठेवला. कोरा रकाना मला खुपतो, पण तो भरणं माझं काम नव्हतं. पुढे पाळी घ्यायला कोणी तयार होईना, त्यामुळे यादी माझ्याकडेच राहिली.

तीन वर्षांनी दोघी बाईंच्या गावी राहायला निघाल्या. निरोप घ्यायला आल्या, तेव्हा त्यांच्या दोन ओळी खोडायला मी पट्टी काढून बसलो होतो.

"थांबा, पेठे-सान," काझुए-सान म्हणाल्या. "आधी भरते." आणि कोऱ्या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'बायको'.

बाई इतक्या हसल्या, की डोळे पुसायला त्यांना माझा रुमाल घ्यावा लागला. तो अजून परत आलेला नाही.

मग मी दोन्ही ओळींवर पट्टीने रेघ मारली. एकेकच, आणि बारीक. माझ्या पद्धतीत खोडलेलंही वाचता यावं लागतं.